प्रश्नानंतर

सेहेचाळिसाव्या वर्षी गळ्यात पुन्हा पट्टा आला:
फोटो, बारकोड, खाली 'प्रशिक्षणार्थी'.
फाटकावरच्या बाईंनी विचारलं, कुणाचे वडील तुम्ही?
दोघांचा आहे. पण ती या शाळेत नाहीत.

एकोणीस वर्षं रेडकारच्या भट्टीवर नमुने तपासले.
उकळत्या लोखंडातलं पळीभर काढायचं,
निवू द्यायचं, घासायचं, मग आकडा सांगायचा:
कार्बन इतका, गंधक इतकं.
भट्टी विझली त्या रात्री कुणी काही बोललं नाही.
कँटीनमधल्या डोरीनने तेवढी
सगळ्यांच्या चहात न विचारता साखर घातली.

मग टॅक्सी. मागच्या सीटवर झोपलेली गिऱ्हाइकं,
पुढच्या सीटवर रसायनशास्त्र.
पदवी हाती आली तेव्हा
मधल्या पानांना चिप्सच्या तेलाचा वास होता.

आता माझी मेंटर सव्वीस वर्षांची, केरी-ॲन हॅलिडे.
तिच्या आजोबांनी मला हातमोजे घालायला शिकवले होते,
म्हणजे खरं तर, काढायला. घाईत काढू नकोस, म्हणायचे.
तिला हे ठाऊक आहे. ती विषय काढत नाही.
मागच्या बाकावर बसते, मांडीवर वही,
आणि मी माझ्या आराखड्याची मिनिटं गिळत जातो:
उजळणीला पाच, प्रयोगाला बारा,
चष्मे गोळा करायला तीन,
मुलांना मुलं असायला शून्य.

तास संपला की ती कागद पुढे सरकवते.
परवाच्या कागदावर नुसते आकडे होते.
०.८. १.१. ०.६. ०.९.
हे काय?
'प्रश्न विचारून तुम्ही इतके सेकंद थांबता, ॲल्विन.
मग उत्तर स्वतःच देता.
आज अकरा प्रश्न विचारलेत.
अकराच्या अकरा बरोबर आले. तुमचे.'

घरी जाताना गाडीत सराव केला.
लाल सिग्नलला मोठ्याने विचारलं, गंज म्हणजे काय?
एक. दोन. तीन.
फार मोठे असतात तीन सेकंद.
तेवढ्यात माणूस स्वतःला मूर्ख ठरवून मोकळा होतो.
शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर घेतली.

सोमवार, नववी ब, शेवटचा तास.
समुद्राकडून वारा, खिडक्यांच्या चौकटी खाऱ्या हवेनं सोललेल्या.
मी दोन परीक्षानळ्या वर धरल्या.
तेलातला खिळा तसाच राहिला, पाण्यातला गंजला. का?

एक. कुणीतरी पेनचं टोपण चावलं.
दोन. जॅरडने घड्याळ पाहिलं, मग मला, मग घड्याळ.
तीन. उत्तर जिभेच्या टोकावर येऊन उभं,
मी दात मिटून घेतले.
चार.
प्रोजेक्टरचा पंखा एवढा आवाज करतो, कधी कळलंच नव्हतं.
सहा.
केरी-ॲनचं लिहिणं थांबलं.

आणि खिडकीशेजारची टेगन राउंट्री,
सप्टेंबरपासून जिच्या तोंडून फक्त 'येस सर' ऐकलं,
हात वर न करता म्हणाली,
'तेलातला कुणाला सापडला नाही म्हणून?'

वर्ग हसला. हसू मलाही आलं होतं, घशापर्यंत.
कुणाला म्हणजे कुणाला? मी विचारलं,
आणि पुन्हा थांबलो.
ती नळीकडे पाहत राहिली, आठ, नऊ,
खांदे उडवले. 'अजून नाही माहीत.'
मी 'अजून' एवढाच शब्द फळ्यावर लिहिला.
का, ते मला आत्ताही नीट सांगता येणार नाही.

रात्री फाइल भरायला बसलो.
प्रत्येक मानकापुढे चौकोन: पुरावा जोडा.
गप्प राहिल्याची पावती कुठून आणू?
चौकोनात 'नऊ सेकंद' लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.

तसं पार्किंगमध्येच केरी-ॲन म्हणाली होती,
गाडीची चावी शोधता शोधता, माझ्याकडे न बघता:
'नमुना निवेपर्यंत आजोबा शीळ घालायचे म्हणे.
तुम्ही घातली नाहीत, बरं केलंत.'